बोर्डोने (मोरचूद-चुन्याच्या फवारणीने) खाल्लेला जुना मित्सुबिशी शक्ती १८० डी ट्रॅक्टर हिवाळ्यात उभा केला, कसा आहे ते सांगतो

द्राक्षबागेतला जुना छोटा ट्रॅक्टर कोणी स्वस्तात देतंय आणि घ्यावा का नाही कळत नाहीये, अशा लोकांसाठी हे लिहितोय. मी नोव्हेंबरमध्ये हात घातला आणि जानेवारी संपता संपता ट्रॅक्टर शेतात गेला. शनिवार-रविवार आणि ड्युटीवरून आल्यावर जमेल तसं काम केलं, इंजिन, डिझेल पंप आणि थोडं पत्र्याचं काम सोडून बाकी सगळं घराच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

ट्रॅक्टर मामांचा, निफाड तालुक्यातला. त्यांनी नवा घेतला आणि हा शेडमागे बाभळीखाली लावला तो सहा पावसाळे तिथेच. दिवाळीला गेलो तर भंगारवाला वजनावर भाव करत उभा. मी म्हटलं मामा मला द्या, मखमलाबादला वीस गुंठ्यात पेरू आणि भाजीपाला आहे, तेवढ्याला पुरतो. मामा म्हणाले, "ने की, पण पैसे घालत बसशील रे." भंगारवाला देत होता तेवढेच, २४ हजार, मी दिले.

हा म्हणजे मित्सुबिशी शक्ती एमटी १८० डी, तीन सिलिंडर, साडेअठरा एचपी. व्हीएसटी ही बंगळुरूची कंपनी, १९६७ ची, पॉवर टिलरमुळे सगळ्यांना माहीत, आणि हे ट्रॅक्टर त्यांनी जपानच्या मित्सुबिशीच्या टेक्नॉलॉजीवर केले. आपल्याकडे निफाड, दिंडोरी, पिंपळगाव साइडला हे खूप दिसतात कारण दोन ओळींच्या मधून आणि मांडवाखालून आरामात जातो, वजनाला हलका म्हणून जमीन फार दाबत नाही, आणि ब्लोअर लावून फवारणीला रोज लागतो. म्हणूनच बागेतला जुना ट्रॅक्टर बाहेरून भयानक दिसतो. नुसत्या पावसाने पत्रा असा सडत नाही.

बोर्डो करताना आपल्याकडे विळा बुडवून बघतात ना, पात्यावर तांबूस थर चढला की समजायचं मोरचूद मोकळा आहे, अजून चुना पाहिजे. म्हणजे मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि त्या जागी लोखंड विरघळत जातं. आता विचार करा, ब्लोअर मागे लावलेला, वाऱ्याने उलटा येणारा फवारा, वर गंधक, वर बाकीची औषधं, आणि संध्याकाळी धुवायला कोणाला वेळ नाही. हा ट्रॅक्टर म्हणजे पंधरा वर्षं त्या द्रावणात बुडवलेला विळाच होता. डावं मडगार्ड हाताने दाबलं तर बोट आरपार गेलं, सीटखालचा पत्रा जाळीसारखा, बोल्टांवर निळसर पांढरी पुटं. पण, आणि हे महत्त्वाचं आहे, गिअरबॉक्स, हाउसिंग, इंजिन ब्लॉक हे सगळं जाड बिडाचं, त्याला वरवरच्या गंजापलीकडे काही नाही झालेलं. जुना बागेतला ट्रॅक्टर बघायला गेलात तर पत्र्याकडे बघून घाबरू नका, पत्रा नवीन करता येतो. डिपस्टिक काढून ऑईलमध्ये पाणी आहे का बघा, रेडिएटरचं झाकण उघडून तेलाचा तवंग आहे का बघा, आणि इंजिन हाताने फिरतंय का बघा.

माझं फिरत नव्हतं. जाम. इथे बरेच जण टो करून ओढतात किंवा सेल्फ मारत राहतात, ते अजिबात करू नका, पिस्टनची रिंग तुटली की बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, ओरखडे पडतात आणि मग खर्च दुप्पट. मी इंजिनात डिझेल सोडणारे नोझल काढून तिन्ही सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑईल अर्धं अर्धं ओतलं आणि पाच दिवस हातच लावला नाही. सहाव्या दिवशी टॉप गिअर टाकून मागचं चाक धरून थोडं पुढे थोडं मागे, थोडं पुढे थोडं मागे, दहा-पंधरा मिनिटांनी एक बारीक 'टक' आलं आणि सुटलं. त्या वेळी जो आनंद झाला तो सांगता येत नाही, बायकोला हाक मारून दाखवलं. नंतर हेड उतरवलं तेव्हा कळलं की मधल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला होता, तिथून ओल जाऊन गंजाचा वळ पडलेला. बोअर होनिंगवर (आतून हलकं घासून) निघाला, नवीन रिंगा आणि गॅसकेट, झालं. हे काम आडगाव नाक्याकडच्या एका जुन्या मिस्तरींनी केलं, सगळे त्यांना चाचा म्हणतात, माझ्यासमोर प्रत्येक बोअरचं माप घेऊन दाखवलं आणि "पिस्टन चांगले आहेत, कशाला बदलतो" असं स्वतःहून सांगितलं. असा माणूस मिळणं म्हणजे अर्धं काम झालं.

पंप आणि नोझल मात्र पंपवाल्याकडेच द्या. टाकीत पाणी शिरून सगळा चिकटा झालेला, आतले प्लंजर अडकलेले. ते उघडून टेबलवर कॅलिब्रेशन, नोझलचं प्रेशर चेक, याला मशीन लागतं, घरी होत नाही. परत बसवल्यावर एअर काढायची ती आधी फिल्टरपाशी, मग पंपापाशी, मग सेल्फ मारत मारत नोझलच्या नटापाशी, या क्रमाने. हे चुकलं तर बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारत बसाल.

आता माझी चिडचिड झाली तो भाग. सगळे पत्रे सँडब्लास्टिंगला एमआयडीसीतल्या एका युनिटला दिले. त्यांचं रोजचं काम जाड फॅब्रिकेशनचं, त्याच प्रेशरने बॉनेटवर मारलं, आणि बॉनेट पापडासारखं लहरी लहरी होऊन परत आलं. वर दोन दिवस तसंच बाहेर ठेवलेलं, म्हणजे नव्याने लाल झालेलं. ब्लास्ट केलेल्या उघड्या लोखंडावर त्याच दिवशी प्रायमर बसला पाहिजे, दवाची एक रात्र पुरते. बॉनेट ठोकून सरळ करायला डेंटरने चार दिवस घेतले आणि अजूनही उजेडात तिरकं बघितलं तर लहर दिसते, वाईट वाटतं. माझं मत असं की ब्लास्टिंग फक्त जाड पार्टला, रिम, ड्रॉबार, वजनाच्या प्लेटा यांना. पत्र्याला नको.

बाकी छोटे पार्ट मी धुण्याच्या सोड्याने केले आणि ही पद्धत मला सगळ्यात जास्त आवडली. प्लास्टिकच्या ड्रममध्ये ५० लिटर पाणी, पाव किलो सोडा, बॅटरी चार्जरची काळी वायर आपल्या पार्टला आणि लाल वायर भंगारातल्या लोखंडाच्या पट्टीला, दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. रात्रभर ठेवलं की सकाळी गंज काळा पडून ब्रशने निघतो, चांगलं लोखंड जराही जात नाही. लाल वायरला स्टेनलेस स्टीलची पट्टी लावायची नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. ॲल्युमिनियमचा पार्ट ड्रममध्ये टाकायचा नाही, सोडा त्याला खातो. आणि हे उघड्यावरच करायचं कारण हायड्रोजन निघतो, आसपास शेकोटी नको. हे सगळं करायच्या आधी मात्र पार्ट साध्या पाण्याने दोन-तीनदा खळखळून धुवा, फवारणीचे क्षार आत राहिले तर नवीन रंगाखाली फोड येतात. माझ्या एका ब्रॅकेटला आले, परत काढून केलं.

रंगाचं म्हणाल तर एपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. साध्या ऑईल पेंटपेक्षा महाग आहे पण ज्याला परत फवारणीत उभं राहायचंय त्याला हेच पाहिजे. नाशिकच्या थंडीत सकाळी नऊला गन धरली तर रंग दुधाळ होतो, दवाची ओल बसते, म्हणून मी अकरा ते तीनच्या मध्येच मारला, पत्रे आधी उन्हात तापवून. चार रविवार गेले. लाल रंग मनासारखा जमला.

एकूण खर्च, ट्रॅक्टर २४, पंप-नोझल ११, इंजिन आणि लेथचं काम १९, पत्रा आणि नवीन मडगार्ड ९, रंग १३, पुढचे टायर, बॅटरी आणि वायरिंग १७, म्हणजे ९३ हजार. मागचे टायर वापरण्यासारखे होते म्हणून वाचलो. माझी मजुरी यात नाही. कागदपत्रं आधी बघा, १५ वर्षांनी आरसी रिन्यू करावी लागते, ती पाच-पाच वर्षांनी होते, मामांच्या नावावरून माझ्या नावावर करायचं काम अजून चालू आहे.

चालवायला कसा आहे? तीन फुटी रोटाव्हेटरला मस्त, पेरूच्या ओळीत झाडाच्या अगदी जवळून वळतो, तीन सिलिंडर असल्यामुळे थरथर कमी, दोन तास चालवून उतरलं तरी हात बधिर होत नाहीत. डिझेलला बेताचा. काळ्या जमिनीत खोल नांगरट याच्याकडून मागू नका, ते साडेअठरा एचपीचं काम नाही. पार्ट्स पिंपळगाव बसवंतला मिळाले, रिंगा आणि गॅसकेट त्याच दिवशी, सीटखालचा पत्रा मात्र बनवून घ्यावा लागला.

थंडीतलं स्टार्टिंग मुद्दाम निफाडला नेऊन बघितलं, मामांना दाखवायचंही होतं. शेजारच्या बागेत पहाटेपासून शेकोट्या पेटलेल्या, ड्रीप चालू, शेडवरच्या पत्र्यावर दव गोठायच्या बेतात. हीटरचा स्विच वीस सेकंद धरला, सेल्फ मारला, पहिल्यांदा पांढरा धूर काढून बंद पडला, दुसऱ्यांदा धरला आणि चालू. मामा काही बोलले नाहीत, बॉनेटवर हात ठेवून तसेच उभे राहिले, मग सीटवर बसून शेडला एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "क्लच आता हलका लागतो."

पाचपैकी चार. एक कापला तो हायड्रॉलिकसाठी, रोटाव्हेटर उचलून ठेवला की अर्ध्या तासात खाली बसतो, सिलिंडरचे सील आहेत, आणून ठेवलेत, पुढच्या रविवारी उघडतोय.