अठरा महिन्यांत ब्लॅक बेल्ट

लेकीला ब्लॅक बेल्ट मिळाला तेव्हा मी स्टेटसला फोटो टाकला, पेढे वाटले, सोसायटीच्या गेटवर अभिनंदनाचा फ्लेक्ससुद्धा लावला. त्यामुळे पुढे जे झालं त्याला आमची हौसही कारणीभूत आहे, हे आधीच कबूल करते.

कराटेचा क्लास जवळच्याच हॉलमध्ये भरायचा. महिन्याची फी फक्त 600 रुपये. खरी कमाई बेल्ट परीक्षेत होती. दर अडीच-तीन महिन्यांनी एक रंग: पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी. प्रत्येक परीक्षेला 1,500 रुपये आणि ब्लॅकला ‘इंटरनॅशनल रजिस्ट्रेशन’ धरून 18,000. दीड वर्षात एकही मूल नापास झालं नाही. एका मुलाला परीक्षेच्या दिवशी ताप होता, तर त्याचा बेल्ट घरी पोचता झाला! सर किती समजूतदार, असं आम्हीच म्हणालो.

मधूनमधून ‘राष्ट्रीय’ स्पर्धा व्हायच्या, त्याही मंगल कार्यालयात. वयाचे आणि वजनाचे इतके बारीक गट पाडलेले की लेकीच्या गटात तीनच मुली. सुवर्ण, रौप्य, कांस्य. सगळ्या खूश.

आमचे सासरे कोल्हापूरच्या तालमीत वाढलेले. पदकं बघून ते एवढंच म्हणाले, “महाराष्ट्र केसरीची गदा एकालाच मिळते गं.” मला तेव्हा ते कुजकट वाटलं.

दहावीत क्रीडा गुणांसाठी सर्टिफिकेटांची फाइल घेऊन शाळेत गेले. क्रीडाशिक्षकांनी दोन-तीन कागद उलटले आणि म्हणाले, “ताई, यातली एकही स्पर्धा मान्यताप्राप्त नाही. प्रस्ताव पाठवूनही उपयोग नाही.” घरी येऊन त्या ‘इंटरनॅशनल’ संस्थेचा पत्ता नीट वाचला. तो सरांच्या राहत्या फ्लॅटचा होता.

मग लेकीला दुसऱ्या एका सरांकडे नेलं. त्यांनी तिला एक काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, करायला सांगितला. क्रम तिला तोंडपाठ होता, पण पाय जमिनीवर रोवलेले नव्हते. मग हिरव्या पट्ट्याच्या एका मुलासमोर कुमितेला, म्हणजे समोरासमोरच्या लढतीला, उभं केलं. त्याचा पहिला ठोसा आला तशी ती डोळे मिटून मागे सरकली. सर रागावले नाहीत. त्यांनी सांगितलं की ‘दान’ची, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्यांची, पद्धत मुळात ज्युदोची, ज्युदोचे जनक कानो जिगोरोंनी सुरू केलेली. कराटेगुरू फुनाकोशींनी ती 1924 मध्ये कराटेत आणली. पहिल्या ब्लॅक बेल्टला म्हणतात शोदान, म्हणजे सुरुवातीची पायरी. आता कुठे शिकायला लायक झालात, असा त्याचा अर्थ. आणि आम्ही त्याच पायरीवर पेढे वाटून मोकळे झालो होतो.

मुलांना क्लास लावणार असाल तर आधी विचारा, मागच्या परीक्षेत किती जण नापास झाले? ‘आमच्याकडे कोणी नापास होत नाही’ असं अभिमानानं सांगितलं, तर तिथूनच मागे फिरा. स्पर्धेची फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा. आम्ही ती केली असती तर निदान स्पर्धांचे पैसे वाचले असते. पैसे रोख मागितले तरी पावती घ्याच. आमच्याकडे एकही नाही, म्हणून तक्रारीलाही जोर नाही.

लेक आता नव्या क्लासला पांढरा पट्टा बांधून जाते. पहिला आठवडा रडली, हे खोटं कशाला सांगू?

काल जुन्या सरांचा मेसेज आला: ‘सेकंड दानसाठी नावनोंदणी सुरू. भावंडांना सवलत.’