अंघोळीचं पाणी कशावर तापवायचं? गिझर, गॅस, सोलर की बंब

गिझरची टाकी गळायला लागली की दुकानात जाऊन तसाच दुसरा आणण्याआधी अर्धा तास हिशेबाला द्यावा. घरखर्चातली काही बचत निव्वळ काटकसरीची असते. इथे मात्र पैसा आणि पर्यावरण बऱ्यापैकी एकाच बाजूला उभे असतात.

आधी माप ठरवू. अंघोळीची एक बादली म्हणजे २० लिटर. थंडीत नळाचं पाणी २० अंशांचं धरलं आणि ते ४० अंशांपर्यंत न्यायचं म्हटलं, तर ४०० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या भाषेत हे अर्ध्या युनिटच्या आसपास येतं. गिझर महागडा असो की साधा, हा आकडा बदलत नाही, आणि पाचशे रुपयांचा रॉडही तेवढीच वीज खातो. मग गिझरवरचे स्टार कशाचे? टाकीत तापून बसलेलं पाणी किती हळू निवतं, याचे. बटण दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात पाच स्टारचे जादा पैसे वसूल होतात. अंघोळीआधी पंधरा मिनिटं लावून बंद करणाऱ्या घरात फारसा फरक पडत नाही. रॉड स्वस्त खरा, पण लहान मुलांच्या घरात नको. मोठ्यांनीही प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये.

आता वीजबिल हातात घ्या. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत, मग ३००, मग ५०० आणि त्यापुढे. वहन आकार, वीज शुल्क वगैरे धरून पहिल्या टप्प्यात युनिट सहा-सात रुपयांना पडतं, दुसऱ्यात बाराच्या आसपास. फ्रिज, पंखे, टीव्ही हे बाराही महिने चालणारच, आणि त्यांनीच नव्वद-शंभर युनिट खाल्लेले असतात. गिझरचे युनिट त्यांच्या डोक्यावर बसतात, म्हणजे महागड्या टप्प्यात. त्यामुळे विजेवरची बादली एकट्या माणसाच्या छोट्या घरात तीन रुपयांची आणि चौघांच्या घरात सहा रुपयांची होते. दुकानदार हे सांगत नाही.

गॅस गिझरला त्याच बादलीसाठी साधारण ४५ ग्रॅम एलपीजी लागतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये तीनशेच्या आसपास बादल्या निघतात. सिलिंडर साडेआठशे-नऊशेचा धरला तर बादली तीन रुपयांना पडते. चार माणसांमागे महिन्याला साडेतीनशे-चारशे रुपये वाचले. आपल्याकडची वीज अजून मुख्यतः कोळशावरची आहे आणि एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो हिशेब लावला तर गॅसवरच्या बादलीचा धूर विजेवरच्या बादलीच्या निम्म्याहूनही कमी भरतो. विजेचं उपकरण म्हणजे स्वच्छ, असं डोक्यात बसलेल्यांना हे पटत नाही, पण पाणी तापवण्यापुरतं आज तरी असंच आहे.

मात्र गॅस गिझरला एक अट आहे, आणि तिच्यात सूट नाही. तो बंद बाथरूममध्ये लावायचा नाही. ज्योत जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, आणि आतल्या माणसाला शुद्ध हरपेपर्यंत कळतही नाही. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. वर झरोका आहे, एवढ्यावर भागत नाही. गिझर आणि सिलिंडर दोन्ही बाहेर, ड्राय बाल्कनीत किंवा मोकळ्या पॅसेजमध्ये, आणि आत फक्त पाण्याची नळी. तशी जागा नसेल तर हा पर्याय सरळ सोडा. शेगडीवर झाकण ठेवून पातेलं तापवलं तरी खर्च गॅस गिझरच्या जवळपासच येतो. फक्त ते उकळतं पातेलं न्हाणीपर्यंत नेणं आलं.

सोलरचं गणित मात्र जाहिरातीतल्यासारखं सरळ नाही. १०० लिटरच्या संचाने वर्षाला १५०० युनिट वाचतात, असा आकडा सगळीकडे दिसतो. तो खरा ठरायचा तर ते शंभर लिटर कडक पाणी रोज वापरलं जायला हवं. चौघांच्या चार बादल्यांना दिवसाला दोनच युनिट लागतात. पावसाळ्याचे दिवस वजा करा, नागपूर-अकोल्याकडचा एप्रिल-मेही वजा करा, कारण तेव्हा नळाचंच पाणी हात भाजतं. उरतात पाचेकशे युनिट, म्हणजे सहा हजार रुपये. काचेच्या नळ्यांचा संच वीस-पंचवीस हजारांना बसला तर विजेच्या तुलनेत चार वर्षांत सुटतो, गॅसच्या तुलनेत सात-आठ. आठ-नऊ माणसांच्या एकत्र कुटुंबाला संच थोडा मोठा लागेल, पण त्यांनी फार विचार करू नये, घेऊन टाकावा. बोअरचं जड पाणी असेल तर तांब्याच्या पाइपांच्या सपाट पॅनेलपेक्षा नळ्याच बऱ्या. क्षार पाइपात धरतात आणि प्रवाह कोंडतो.

सोसायटीतल्या सामाईक सोलरची वेगळीच तऱ्हा. खालच्या मजल्यावर गरम पाणी येईपर्यंत निम्मी बादली गार पाणी जातं, आणि सकाळी नऊनंतर उठणाऱ्याला काही उरत नाही. ते गार पाणी कपड्यांसाठी धरून ठेवायची सवय नसेल तर वीज वाचवून पाणी घालवलं, एवढंच. पुण्यात सोलर असलेल्या मिळकतीला महापालिका करात सवलत देते. तो कागद मात्र सोसायटीकडून आठवणीने काढून घ्यावा.

स्वतःची गच्ची असेल तर आणखी एक प्रश्न विचारावा: पाण्याचा सोलर की विजेचा? पीएम सूर्यघर योजनेत २०२४ पासून पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार आणि तीन किलोवॉटला एकूण ७८ हजार अनुदान आहे. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा जाते आणि दिवसाला चारेक युनिट मिळतात. तेवढी उष्णता पाण्याचा सोलर दोन चौरस मीटरमध्ये देतो. पण मे महिन्यात त्याचं गरम पाणी कुणालाच नको असतं, आणि जास्तीची वीज नेट मीटरमधून वीज कंपनीकडे तुमच्या नावावर जमा होऊन बिलातून वजा होते. महिन्याला दोनशेच्या वर युनिट जाणाऱ्या घराने माझ्या मते विजेचा सोलर घ्यावा आणि जुना गिझर तसाच ठेवावा.

आणि बंब. शहरात त्याचा विषय नको, शेजारी भांडायला येतील. पण कोकणात परसात नारळाची सोडणं, करवंट्या, झावळ्या पडलेल्या असतात, विदर्भ-मराठवाड्यात तुराट्या-पऱ्हाट्या बांधावर जाळल्याच जातात. तिथे चुलाणावरच्या हंड्याला कुठलंही यंत्र खर्चात हरवू शकत नाही. धुरासाठी ते घराबाहेर, आडोशाला असावं.

भाड्याच्या घरात राहणाऱ्या दोघांना यातलं काहीच बसवता येत नाही. त्यांनी तीन लिटरचा इन्स्टंट गिझर घ्यावा, घर बदलताना काढून नेता येतो.

हे सगळे आकडे बादली-तांब्याचे आहेत. शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी जातं, म्हणजे सात मिनिटांत तीन बादल्या. शॉवरवाल्यांनी वरचे बादलीमागचे आकडे तिप्पट करून वाचावेत.