"हा अस्सल निळीचा वास आहे, ताई": रॉ डेनिमच्या नावाखाली मी कशी फसले

पार्सल फोडलं तेव्हा जीन्स डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळली. कुजक्या अंड्यासारखा वास, त्यात थोडं जळकं रबर. विक्रेत्याला लगेच मेसेज टाकला. त्याचं उत्तर जणू तयारच होतं: "हा अस्सल निळीचा वास आहे, ताई. सहा महिने धुवू नका. वापरत राहा, वास आपोआप जाईल."

मला ते पटलं, याचीच जास्त लाज वाटते. रॉ डेनिम म्हणजे विणल्यानंतर न धुतलेलं कापड. खळ तशीच असल्यामुळे ते पुठ्ठ्यासारखं कडक असतं, आणि सुरुवातीचे काही महिने न धुता वापरलं की मांडीवर, गुडघ्यामागे आपल्याच उठण्याबसण्याच्या रेघा उमटतात. एवढं मला ठाऊक होतं, आणि त्याचं बोलणं त्यात चपखल बसत होतं.

आता यातली मेख बघा. परत करायची मुदत दहा दिवसांची, आणि धुतलेला माल परत घेणार नाही अशी अट. म्हणजे धुतली तर परतीचा हक्क गेला, आणि त्याचं ऐकून न धुता वाट पाहिली तर मुदत गेली. मी वाट पाहिली.

अकराव्या दिवसापासून त्याचा सूर बदलला. आता म्हणे वास माझ्या घामाचा! "पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, जंतू मरतात." ठेवली. गोठवल्याने बहुतेक जंतू मरत नाहीत, नुसते थिजतात. अंगाची ऊब लागली की पुन्हा कामाला लागतात. तक्रार केली तर त्याने कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातला प्रयोग तोंडावर फेकला: तिथे एका विद्यार्थ्याने रॉ डेनिम 15 महिने न धुता वापरली होती. प्रयोग खरा आहे. त्या जीन्सवरचे जंतू आणि धुऊन साधारण दोन आठवडे वापरल्यानंतरचे जंतू यांत फारसा फरक निघाला नव्हता. पण माझ्या जीन्सला वास पाकिटातूनच आला होता. तेव्हा ती कोणाच्या घामाने भिजली होती?

शेवटचा सल्ला व्हिनेगरचा. व्हिनेगरच्या पाण्यात जीन्स बुडवली आणि वास इतका भडकला की न्हाणीघराचं दार लावून मी बाहेर पळाले.

तीच ओली जीन्स घेऊन ओळखीच्या एका काकांकडे गेले. कापड रंगवण्याच्या कारखान्यात त्यांनी अनेक वर्षं प्रयोगशाळा सांभाळली होती. त्यांनी आधी काय केलं असेल, तर खिसा उलटा केला. आतलं अस्तर गडद निळं-काळं! डेनिममध्ये ताण्याचं, म्हणजे उभं, सूत विणण्याआधी रंगवतात आणि बाणा, म्हणजे आडवं सूत, पांढरा ठेवतात, म्हणून कापडाची आतली बाजू फिकट दिसते. खिशाचं अस्तर हे वेगळंच कापड, शिवताना जोडलेलं. तेही त्याच रंगात न्हालेलं असेल, तर अख्खी जीन्स शिवून झाल्यावर रंगाच्या पिंपात घातली होती. कुठली तरी साधी, कदाचित विटलेली जीन्स रंगवून 'रॉ' म्हणून माझ्या गळ्यात मारली होती.

मग त्यांनी सुटलेला धागा पिळ उलगडून दाखवला. निळीचा रंग सुताच्या वरवर बसतो, गाभा पांढरा राहतो. माझा धागा आरपार रंगलेला. पुढे परीक्षानळीत स्टॅनस क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लात तो गरम केला, तोंडाशी लेड ॲसिटेटचा ओला कागद धरला. कागद काळपट पडला, म्हणजे रंगात गंधक. सल्फर रंग! हा रंग सहसा सोडियम सल्फाइडच्या मदतीने चढवतात. नंतर नीट खळबळून धुतलं नाही तर सल्फाइड कापडात उरतं, आणि आम्ल मिळालं की त्यातून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू, सुटतो. म्हणजे व्हिनेगरने मी स्वतःच त्याला बाहेर बोलावलं होतं.

सल्फर रंगात वाईट काही नाही, काळ्या जीन्स सर्रास त्याच्याच असतात. निळीच्या आधी सल्फरचा एक हात देण्याची पद्धतही आहे. चांगल्या कारखान्यातून आलेल्या मालाला असा वास येत नाही, इतकंच. आणि 'अस्सल निळीचा वास' हा तर निव्वळ बनाव. आंबवलेल्या निळीच्या पिंपाला दर्प असतो, पण तो अंड्याचा नव्हे. शिवाय 1897 पासून कृत्रिम नीळ बाजारात आहे आणि आजची बहुतेक डेनिम तिनेच रंगते.

काकांच्या सांगण्यावरून जीन्स उलटी करून धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवली, तीनदा पाणी बदललं, सावलीत वाऱ्यावर टांगली. वास बराच गेला. पण काही महिन्यांनी खाली बसताना मांडीवर टर्रकन फाटली. सल्फर काळ्याने रंगवलेलं सुती कापड दमट जागी पडून राहिलं तर त्यात हळूहळू आम्ल तयार होतं आणि सूत कुजतं, असं काका म्हणाले.

परवा दुसऱ्या खात्यावरून त्याच विक्रेत्याला विचारलं, "खिसा उलटा करून एक फोटो पाठवाल का?" मेसेज वाचल्याची खूण आली. पाच मिनिटांत खातं ब्लॉक.