सिझेरियन: कमरेतली भूल की पूर्ण भूल?

तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय: सिझेरियनला शक्यतो कमरेतलीच भूल. बाईला बसवून, पाठ वाकवून, 25 नंबरच्या बारीक सुईतून जेमतेम 2 मिली बुपिव्हॅकेन, म्हणजे बधिर करणारं औषध. पाचेक मिनिटांत पाय जड होतात, पण ती जागी असते. बाळाचं पहिलं रडणं स्वतःच्या कानांनी ऐकते. मला आजही हे फार मोलाचं वाटतं. रक्तदाब मात्र बऱ्याचदा उतरतो. म्हणून सलाईन चालू, पोट डावीकडे कललेलं आणि रक्तदाब वाढवणारं मेफेन्टरमिन सिरिंजमध्ये भरून तयार.

पूर्ण भुलीत अडचण घशाची. गरोदरपणात तिथे सूज असते, श्वासाची नळी घालणं अवघड जातं; पोटातलं फुप्फुसात जाण्याची भीती वेगळीच. तरीही गर्भाशयातली वार सुटून रक्त वाहतंय किंवा प्लेटलेट फारच खाली गेल्यात, तर कमरेत सुई नको. तिथे पूर्ण भूलच जीव वाचवते.

नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, त्या सुईनं कंबर आयुष्यभर दुखते ना?" नाही हो. बाळंतपणानंतर कंबर पूर्ण भूल घेतलेल्यांचीही दुखते. डोकं मात्र काहींचं दुखतं. ते मी आधीच सांगून ठेवते.