उझुमाकी: हसता हसता घशाशी येतं

ग्राफिक नॉव्हेल म्हणजे पोराटोरांची कॉमिक्स असं आमच्या बेळगावात अजून लई जणांना वाटतं, त्यांनी जपानी चित्रकार-लेखक जुंजी इतोचं 'उझुमाकी' हे भयकथेचं पुस्तक एकदा हातात घ्यावंच. १९९८-९९ मध्ये जपानी साप्ताहिकात क्रमशः आलेलं, आता इंग्रजीत सगळं एकाच जाड पुस्तकात मिळतंय, सहाशेच्या वर पानं आहेत पण सुसाट पळतंय.

गोष्ट कुरोझु-चो नावाच्या गावाची, ज्याला चक्राकार आकाराचं वेड लागलंय. भूत नाही, हडळ नाही, नुसता आकार! गोष्टीची नायिका किरिए, तिच्या मित्राचे बाबा गल्लीत उकिडवे बसून गोगलगायीच्या शंखाकडं टक लावून बघालेत, हाक मारली तरी लक्ष नाही, इथं हसू येतं, मग ते दोन डोळे दोन दिशांना गरागरा फिरवून दाखवतात, तरी हसूच येतंय, आणि थोड्याच पानांनी त्यांचं जे होतं ते बघून घशाशी येतं.

इतोची कमाल पान उलटण्यात आहे बघा. छोट्या छोट्या चौकटी भराभर पळवतो, शेवटच्या चौकटीत नुसता घाबरलेला चेहरा, काय दिसलं ते दाखवतच नाही, पान उलटलं की ते अख्खं पानभर अंगावर येतं, आणि उलटणारे आपणच असतो की!

माझा सगळ्यात आवडता भाग गोगलगायीचा. पाऊस असेल तेव्हाच शाळेत येणारा, ओलाचिंब, संथ पोरगा, त्याच्या पाठीवर चक्र उमटतंय, शेवटी तो भिंत चढायला लागतो, आणि शाळेतले लोक काय करतात तर त्याला आवारात पिंजऱ्यात ठेवतात, खायला घालतात. एवढं भयंकर घडालंय आणि सगळे निवांत सोय लावालेत, त्याचंच हसू येतं आणि त्याचीच भीती वाटते. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात न्हाणीच्या भिंतीवर गोगलगायी बघितलेल्यांना तर हा भाग जास्तच लागणार.

नारायण धारप-रत्नाकर मतकरींच्या भयकथांवर वाढलेल्या वाचकाला सुरुवातीला हे आरडाओरड्याचं वाटेल, धारपांची भीती कशी हळूहळू चढत जाते, इथं तेवढी उसंत नाही, पण दोनतीन प्रकरणं दम धरा. किरिए स्वतः माणूस म्हणून फारशी उमटत नाही आणि शेवटाकडं जरा ताणलंय, हे मात्र खरं.

इंग्रजी सोपं आहे, वाचायचं उजवीकडून डावीकडं, तेवढी सवय लगेच होते. लहान पोरांच्या हातात अजिबात देऊ नका.