‘बेनांग’: हवेत तरंगणारा नातू

नूंगार, म्हणजे नैऋत्य ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी समाजाचे लेखक किम स्कॉट यांची ‘बेनांग’ (१९९९) घाईत वाचायची कादंबरी नव्हे. गोरे आजोबा हार्लीला ‘घराण्यातला पहिला गोरा’ म्हणून घडवू पाहतात. मुळं तुटलेला नातू अक्षरशः हवेत तरंगू लागतो. परकेपणाचं इतकं नेमकं रूप क्वचितच वाचायला मिळतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९१५ ते १९४० मूलनिवासींचं खातं सांभाळणाऱ्या ए. ओ. नेव्हिल यांची सरकारी भाषा मजकुरात येते. माणसात मूलनिवासी रक्त अर्धं की पाव, असे अपूर्णांक मोजणारी ती कोरडी वाक्यंच सर्वाधिक छळतात.

काळ मागेपुढे उडतो, पिढ्यांची गल्लत होते. वाचतानाच वंशावळ कागदावर काढत चला. नूंगार भाषेत बेनांग म्हणजे ‘उद्या’, आणि फॅनी या पूर्वजेचंही ते नाव. एवढं ध्यानात ठेवलं की शेवट उलगडतो.