पोस्टजीआयएस आठ महिने वापरल्यावर: एका मोकाट जॉमेट्री कॉलमची गोष्ट

आठ महिने रोज पोस्टजीआयएस (पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये नकाशे साठवायला आणि मोजायला मिळणारं एक्स्टेन्शन) वापरतोय, म्हटलं आता लिहायला हरकत नाही. काम तसं साधंच आहे, विहिरी, पाटचाऱ्या आणि शेतांच्या हद्दी एका डेटाबेसमध्ये ठेवायच्या आणि कुठल्या चारीवर किती क्षेत्र भिजतं ते काढून द्यायचं. आधी सगळं शेपफाइलींच्या (नकाशाच्या सुट्या फाइलींच्या) ढिगात होतं, 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं' असले फोल्डर. पोस्टग्रेस येत होतंच, त्यावर एक्स्टेन्शन टाकायला पाच मिनिटं लागली आणि पुढचे तीन महिने माझी स्वतःची एक चूक निस्तरण्यात गेले.

चूक अशी की टेबल करताना कॉलमचा टाइप नुसता जॉमेट्री, म्हणजे नकाशावरचा कुठलाही आकार, लिहून मोकळा झालो. पॉलिगॉन (बंद आकृती) की पॉइंट ते नाही, एसआरआयडी (आकडे अंशात की मीटरमध्ये, कुठल्या पद्धतीत आहेत त्याचा क्रमांक) नाही. म्हणजे कॉलमची धर्मशाळाच झाली, कुणीही यावं. एका रो मध्ये पॉलिगॉन, दुसऱ्यात मल्टिपॉलिगॉन (पॉलिगॉनचा गठ्ठा), गूगल अर्थवरून आलेल्या केएमएल फाइलींमधल्या शेतांना उंचीचा झेड चिकटलेला, काहींचा एसआरआयडी चक्क शून्य. आणि डेटाबेस काही बोलत नाही, गुपचूप घेतो.

पहिला झटका क्षेत्रफळाचा. (इथल्या बहुतेक फंक्शनची नावं एसटी ने सुरू होतात, मला अजूनही लाल डबाच आठवतो.) एसटी_एरिया चालवलं तर एक हेक्टरच्या शेताचं उत्तर ०.००००००८६ च्या आसपास! कारण ४३२६ (अक्षांश-रेखांशाचा एसआरआयडी) मधल्या जॉमेट्रीचं एकक अंश, त्यामुळे उत्तर चौरस अंशात, आणि सातबारा काही चौरस अंशात नसतो. मग यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे करून मीटरमध्ये मोजायची पद्धत) झोन ४३ म्हणजे एसआरआयडी ३२६४३ मध्ये नेलं, आकडे जुळले, खूश. तेवढ्यात भंडाऱ्याकडचं काम आलं. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला झोन ४४ लागतो, ३२६४४, म्हणजे आपलं राज्य दोन झोनमध्ये कापलंय. शेवटी साठवायचं ४३२६ मध्ये आणि क्षेत्र काढताना जिऑग्रफीला (पृथ्वीचा गोलावा धरून मोजणाऱ्या टाइपला) कास्ट करायचं, म्हणजे टाइप बदलून घ्यायचा, असं ठरवलं, उत्तर सरळ चौरस मीटरमध्ये येतं. थोडं हळू चालतं आणि जिऑग्रफीवर सगळी फंक्शन चालत नाहीत, पण झोनची कटकट गेली.

या भानगडीत एकाने एसटी_ट्रान्सफॉर्मच्या (हे आकडेच नव्या पद्धतीत बदलतं) जागी एसटी_सेटएसआरआयडी वापरलं. सेटएसआरआयडी फक्त दारावरची पाटी बदलतं, घर जागचं हलत नाही. आणि रेखांश आधी, अक्षांश नंतर हे तर पाठच करा, मी उलटं टाकलं तेव्हा पुण्याची विहीर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात सापडली.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला व्हॅलिडिटीने, म्हणजे आकार नियमात बसतो का याने. पोरं मोबाइल घेऊन बांधावरून फिरतात, एखादा कोपरा आधी आणि एखादा नंतर टिपला की शेताचा डमरू होतो, हद्द स्वतःलाच छेदते. अशा डमरूचं क्षेत्रफळ शून्यसुद्धा येऊ शकतं, कारण एक बाजू अधिक धरली जाते, दुसरी उणे. एसटी_इझव्हॅलिडरीझन कुठे छेदलंय तो बिंदूही सांगतं, हे फार आवडलं. एसटी_मेकव्हॅलिड मात्र जपून वापरा, त्याने डमरूचे दोन त्रिकोण करून मल्टिपॉलिगॉन दिला, नियमात बसला, पण शेत काही तसं नव्हतं, परत बांधावर जावंच लागलं. लाइनचं वेगळंच, पाटचारीची रेघ स्वतःला छेदून गेली तरी ती व्हॅलिडच असते, फक्त सिंपल राहत नाही, म्हणून तिथे एसटी_इझसिंपल बघायचं.

आणि बाउंडरी, म्हणजे आकाराची कड! दोन भावांच्या बांधावर सामायिक विहीर, दोघांच्या पॉलिगॉनच्या कडेवर अगदी तोच बिंदू टिपलेला. एसटी_कंटेन्सला विचारलं तर विहीर दोघांपैकी कुणाच्याच शेतात नाही, एसटी_कव्हर्सला विचारलं तर दोघांच्याही. दोन्ही उत्तरं बरोबर, कारण कंटेन्सला बिंदू आतल्या भागात लागतो, नुसत्या कडेवर असून चालत नाही. अर्धा दिवस मी बग समजून डोकं फोडत होतो.

रिकामी जॉमेट्री (एम्प्टी) आणि नल (किंमतच नसणं) हेही एक नाहीत बरं का, न भिडणाऱ्या दोन शेतांचं इंटरसेक्शन (सामायिक भाग) नल नाही तर एम्प्टी येतं, 'इझ नल' लावून ते गाळलं जात नाही.

स्पीडबद्दल तक्रार नाही, जिस्ट इंडेक्स (आकार लवकर शोधायला लागणारी सूची) लावा आणि अंतरासाठी एसटी_डिस्टन्स पेक्षा लहान असली अट लिहू नका, एसटी_डीविदिन (इतक्या अंतराच्या आत आहे का) लिहा, इंडेक्स त्यालाच लागतो.

आता कॉलमचा टाइप मल्टिपॉलिगॉन, ४३२६ असा बांधून टाकलाय, वर एसटी_इझव्हॅलिडची चेक अट. आत घेताना एसटी_मल्टी (पॉलिगॉनचा मल्टिपॉलिगॉन करतं) आणि एसटी_फोर्सटूडी (उंचीचा झेड काढून टाकतं). पोरं वैतागलीत, परवा एका दिवसात अकरा शेतं परत गेली. पण परत गेली ती बांधावरच, पूर्वी हीच शेतं माझ्या रिपोर्टमध्ये यायची.